लाल गटातली पुनम

जळकोट,
११ ऑगस्ट २०२५

चि. राजशेखर यास मंजुअक्काचा आशीर्वाद.

आशीर्वाद रीत म्हणून लिहिलाय. मनात सध्या तुझ्यासाठी दुसरंच काहीतरी आहे.

फोन केला की तू ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणतोस. व्हॉट्सॲपवर चार ओळी लिहिल्या की अंगठा दाखवतोस. कागदाला अंगठा दाखवता येत नाही, म्हणून पोस्टातून पाकीट आणलं. शेवटपर्यंत वाच.

माझ्या तिसरीच्या वर्गात पुनम नावाची मुलगी आहे. आहे म्हणते, पण तिची जागा रिकामी आहे. तिचा बाप शेषेराव आमच्या वाडीतच शेती करतो. मागच्या महिन्यात त्याच्या फोनवर एक मेसेज आला. त्याला धड वाचता येत नाही. पीक विम्याचा असेल म्हणून तो किराणा दुकानात गेला आणि दुकानदाराला म्हणाला, वाचा बरं काय हाय ते. दुकानदारानं चारचौघांत मोठ्यानं वाचला. ‘आपला पाल्य गणितात अपेक्षित पातळीच्या खाली असून लाल गटात आहे. घरी रोज सराव घ्यावा. – अंकवन.’

कुणीतरी विचारलं, लाल गट म्हणजे? दुसरा म्हणाला, नापासाच्या बी खाली. दुकानात हशा पिकला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पुनम शाळेत यायची थांबली. मी घरी गेले. शेषेराव मला बसा सुद्धा न म्हणता म्हणाला, “मॅडम, मशीनच म्हणतंय तिला डोकं न्हाई. मंग कशाला येळ घालवायचा? बहिणीकडं इस्लापूरला धाडली. तिचं लेकरू तान्हं हाय, सांभाळील.”

आठ-नऊ वर्षांची पोर, राजू. दुसऱ्याचं लेकरू काखेला मारून बसली आहे, धबधब्याच्या गावाला. इतक्या दगडी काळजाचा बाप मी पाहिला नव्हता. पण त्याच्या हातात ते निमित्त दिलं कुणी? शाळेच्या टॅबवर चालणारं हे अंकवन तुझ्या कंपनीचं, आणि त्याचे पालकांना जाणारे मेसेज मीच लिहितो, हे तू उदगीरला मामांच्या साठीला पंगतीत बसून सगळ्यांना सांगत होतास. म्हणजे त्या दुकानात वाचलेलं वाक्य तुझं आहे.

आमच्या शाळेतल्या पालकांना जाणारे मेसेज आजच्या आज बंद कर. दुसरं काही सांगायचं नाही.

मंजुअक्का


नांदेड,
२१ ऑगस्ट २०२५

ती. मंजुअक्कास राजशेखरचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. पुनमबद्दल वाचून वाईट वाटलं. पण अक्का, राग बाजूला ठेवून माझं ऐक.

मी तिचा अहवाल उघडून पाहिला. हातच्याच्या वजाबाकीचं जवळपास प्रत्येक उदाहरण तिचं चुकलंय. म्हणजे मेसेजमध्ये खोटं काहीच नाही. आणि आपलं मूल कुठं आहे हे कळायचा पालकांना हक्क आहे की नाही? लातूर शहरातल्या शाळांत मेसेजला एक दिवस उशीर झाला तर पालक आम्हाला फोन करून भांडतात.

स्पष्टच लिहितो. त्या माणसाला पोरगी घरात राबवायचीच होती. मेसेज नसता तर त्यानं दुसरं काही कारण काढलं असतं. तू स्वतःच त्याला दगड म्हणतेस.

शिवाय हे टॅब तुझ्या शाळेला मिळावेत म्हणून पंचायत समितीच्या पायऱ्या तूच झिजवल्या होत्यास. उद्घाटनाचा नारळ तुझ्या हातानं फुटला. वर्षभर तोंड न उघडणारा तुझा तो आदिनाथ ‘अंकांच्या उड्या’ खेळताना ओरडून ओरडून सातचा पाढा म्हणतोय, हा व्हिडिओ मला कुणी पाठवला होता? तेव्हा अंकवन चांगलं होतं.

मेसेज बंद करणं माझ्या हातात नाही. शब्द मऊ करून बघतो. ‘पातळीच्या खाली’ऐवजी ‘सुधारणेस वाव’ असं चालेल का?

शांतम्मा आत्यांना नमस्कार सांग.

तुझा राजशेखर


जळकोट,
४ सप्टेंबर २०२५

चि. राजशेखर,

सुधारणेस वाव! चांदीच्या ताटात वाढलं म्हणून शेणाचा शिरा होतो का रे?

तू म्हणतोस अहवाल बरोबर आहे. मी कुठं चूक म्हटलं? पुनमला हातच्याची वजाबाकी येत नाही. बावन्नातून सदतीस काढ म्हटलं की ती सातातून दोन काढते, पाचातून तीन काढते आणि पंचवीस लिहून मोकळी होते. दर वर्षी निम्मा वर्ग असंच करतो. मग काड्यांचा गठ्ठा सोडता सोडता एखाद्या दिवशी पोरांच्या डोळ्यांत दिसतं की कळलं. कुणाला ते ऑगस्टमध्ये कळतं, कुणाला शिमग्याला. येत नव्हतं म्हणून तर ती शाळेत येत होती! तापानं फणफणलेल्या माणसाला दवाखान्याच्या दारातूनच ‘तू लाल गटात’ म्हणून कुणी परत लावतं का?

आणि टॅब मी मागितले, हो. आदिनाथचा व्हिडिओ मीच पाठवला. चांगल्याला चांगलं म्हणायला मला काही जड जात नाही. म्हणून वाइटाला वाईट म्हणायचा माझा अधिकार गेला का?

एका गोष्टीत मात्र मी तोंडावर आपटले. ते लिहिल्याशिवाय राहवत नाही.

परवा मी पुन्हा शेषेरावाकडं गेले. तो सोयाबीनमध्ये होता. पावसानं शेंगा काळ्या पडल्यात, त्या चाचपून बघत होता. मी बांधावर बसले आणि म्हटलं, आज मी शाळेची म्हणून आले नाही, मला फक्त सांगा, पोरीला का पाठवलं? त्यानं हातातली काळी शेंग फोडून टाकून दिली. मग म्हणाला,

“त्यात लिव्हलं होतं, घरी सराव घ्या. घ्या म्हणलं तर घेतला की मॅडम. जेवण झालं की पाटी घिऊन बसायचो दोघं. पर मला हातच्याचं कुठं येतंय? चौथीतून ढोरामागं गेलो मी. ती माझ्याकडं बघायची अन् मी तिच्याकडं. एक दिवस पोरगी म्हणली, बाबा, तुमी बी लाल का?”

त्यानं डोक्याचा रुमाल काढून तोंड पुसलं.

“मंग मीच म्हणलं, बाई, तू आत्याकडं जा. तिथं तुला कुणी काय इचारणार न्हाई.”

आता सांग, तुझं ‘राबवायची होती’ कुठं गेलं आणि माझा दगड कुठं गेला? मशीन म्हणतंय, डोकं नाही, हे त्यानं मला सांगितलं कारण खरं काय ते बाईमाणसासमोर, त्यातून मास्तरणीसमोर, सांगायची त्याला लाज वाटली. ज्याला वजाबाकी येत नाही त्याला तू लेकराची वजाबाकी घ्यायला लावलीस आणि त्याचा पाणउतारा त्याच्याच पोरीसमोर केलास. मेसेज लिहिताना तुझ्या डोळ्यासमोर कोण बाप होता? तुझ्यासारखा, बीएस्सी झालेला?

तू मेसेज बंद करत नाहीस ना? मग मी केलेत. टॅबमध्ये मुलाच्या नावापुढं पालकाचा नंबर असतो, तो शिक्षकाला बदलता येतो. माझ्या वर्गातल्या एकूण एक मुलापुढं मी माझा नंबर टाकला. काल संध्याकाळी भाकरी थापत असताना माझा फोन वाजतच राहिला. आपला पाल्य लाल गटात आहे. आपला पाल्य पिवळ्या गटात आहे. हो, माझेच पाल्य आहेत. घेते मी सराव.

मंजुअक्का


नांदेड,
१९ सप्टेंबर २०२५

ती. मंजुअक्का,

हे काय करून ठेवलंस? एका नंबरवर अख्खा वर्ग! आमच्या पडद्यावर तुझी शाळा लालभडक होऊन चमकून राहिली आहे. आढावा बैठकीत आमचे प्रमुख महांतेश सर सगळ्यांसमोर म्हणाले, कोण आहे ही बाई, हिला प्रकल्पात घेतलं कुणी?  तू माझी आत्तेबहीण आहेस हे तिथं सांगितलं नाही. तुझ्याच भल्यासाठी.

जळकोट हा लातूर जिल्ह्यातला आमचा पहिला ग्रामीण तालुका आहे. इथं नीट चाललं तर पुढच्या वर्षी पूर्ण जिल्हा मिळेल. त्यावर ऑफिसातल्या सगळ्यांचं, माझंही, पुढचं ठरणार आहे. तू गुपचूप नंबर परत टाक. चुकून झालं म्हणून मी सांभाळून घेतो. नाही टाकलेस तर प्रकरण वर जाईल आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही.

दुसरं म्हणजे, ‘बाबा, तुमी बी लाल का’ हे तू मला लिहायला नको होतंस. काल नवीन मेसेजचा मसुदा करायला बसलो आणि एक ओळ झाली नाही.

राजशेखर


जळकोट,
९ ऑक्टोबर २०२५

चि. राजशेखर,

नंबर टाकले नाहीत. प्रकरण वर गेलं. नोटीस आली. शासकीय उपक्रमात जाणीवपूर्वक अडथळा आणल्याबद्दल खुलासा करावा, अशी भाषा. केंद्रप्रमुख बिचारे भला माणूस, नोटीस देताना माझ्याकडं बघेनात. म्हणाले, “मॅडम, दोन ओळींत माफी लिहून द्या, विषय संपला.”

मी दोनच ओळी लिहिल्या. ‘मुलाला काय येत नाही हे आधी त्याच्या शिक्षकाला कळलं पाहिजे, कारण ते शिकवायचं काम शिक्षकाचं आहे. म्हणून निकाल माझ्याकडे वळवले आहेत आणि पुढेही वळवीन.’ खाली सही ठोकली. आमच्या शाळेतल्या दुसऱ्या बाई, बुद्धप्रिया, त्यांनी ते वाचलं आणि आपल्या चौथीच्या टॅबमध्येही स्वतःचा नंबर टाकला. आता दोन फोन वाजतात.

माझं नातं तू बैठकीत सांगितलं नाहीस, बरं केलंस. माझीही इभ्रत वाचली.

आता कामाचं. शेषेरावाला मी सांगितलं, सराव घ्यायचं काम माझं, तुमचं नाही. तुम्ही फक्त पोरगी आणा. तो दसऱ्याला इस्लापूरला गेला आणि एकटाच परत आला. बापाला बघून पुनम घराच्या मागं जाऊन बसली. येत न्हाई म्हणाली. का, ते सांगेना. त्यानं जबरदस्ती केली नाही. एसटीतून उतरल्यावर सरळ शाळेत आला आणि दारात उभं राहून म्हणाला, “मॅडम, माझ्यावर रुसली बगा.”

नांदेडहून इस्लापूर तुला जवळ पडतं. तू जा. आजवर किती लेकरांबद्दल लिहिलंस, त्यातलं एक तरी डोळ्यांनी बघून ये.

मंजुअक्का


नांदेड,
२७ ऑक्टोबर २०२५

ती. मंजुअक्का,

जाऊन आलो. दिवाळीच्या सुट्टीत बायकोला सहस्रकुंड दाखवतो म्हणून निघालो. खरं कारण तिला वाटेत सांगितलं. ती म्हणाली, आधी का नाही गेलात?

साखराबाईंची, म्हणजे पुनमच्या आत्याची, धबधब्याच्या रस्त्याला भज्यांची गाडी आहे. सुट्टीमुळं गर्दी होती. त्या एकट्या तळत होत्या आणि मागं कडुलिंबाखाली पुनम लेकराला कडेवर घेऊन झुलत होती. तू सांगितलं नव्हतंस की ती इतकी बारीक आहे. लेकरू तिच्या निम्मं दिसत होतं.

आम्ही भजी घेतली, तिच्याजवळ जाऊन बसलो. बायकोनं लेकराला घेतलं. पुनम तिच्याशी बोलायला लागली. लेकराला कोणतं गाणं आवडतं, भजी तळायला लागली की ते कसं शिंकतं, असलं सगळं. हसत होती. मला वाटलं, खेळ दाखवला तर शाळेचा विषय निघेल. मी फोनवर अंकवन उघडलं.

सुरुवातीची शीळ वाजली मात्र, ती उठून उभी राहिली. “ते बंद करा.”

“का गं?”

“ते हसतंय.”

“कोण?”

“माकड.”

तुला माहीत आहे, उत्तर चुकलं की माकड पोट धरून हसतं. ते हसणं आम्ही ऑफिसात बसून निवडलं होतं. दहा-बारा आवाज ऐकले, ज्याला आम्हीच सगळ्यात जास्त हसलो तो घेतला.

तिनं झाडाकडं बघत सांगितलं. वर्गात सगळ्यांचे टॅब सोबतच चालतात, त्यामुळं कुणाचं माकड हसलं ते सगळ्यांना कळतं. “माझंच सारखं हसायचं. मंग पोरं बी हसायची. दुकानात बाबाला बी हसले.” मग झाडाची साल नखानं खरवडत म्हणाली, “मी गेले का पुन्ना बाबाला हसतेत.”

ती बापावर रुसलेली नाही, अक्का. शेषेरावांना एवढं सांग.

साखराबाई झारा हातात घेऊन तिथं आल्या. त्यांना वाटलं असावं, मी पोरीला रडवतोय. मी कोण ते सांगितल्यावर म्हणाल्या, “न्या की मंग! मी काय बांधून ठिवली का? लेकरू पाठीला बांधीन अन् भजे तळीन. पर नेऊन पुन्ना रडवायचीच असंल तर ऱ्हाऊ द्या. हितं हसती तरी.”

मी पुनमला म्हणालो, “ते माकड मी बंद करतो. मग येशील का शाळेत?”

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. “तुमचं हाय का ते?”

मला हो म्हणावं लागलं.



राजशेखर


जळकोट,
१ डिसेंबर २०२५

चि. राजशेखर यास आशीर्वाद.

पुनम आली. साखराबाई स्वतः लेकरू पाठीला बांधून, दोन एसट्या बदलून घेऊन आल्या. शेषेरावाला तुझा निरोप दिला, ती तुमच्यावर रुसली नाही म्हणून. त्यानं पोरीच्या डोक्यावर नुसता हात ठेवला आणि सरपण आणतो म्हणून कुऱ्हाड न घेताच निघून गेला.

पुनम मागच्या ओळीत बसते. आल्या आल्या टॅबच्या कपाटाकडं बोट करून विचारलं, “मॅडम, गेलं का ते?” मी म्हटलं, जाणार आहे. ते खरं की खोटं, आता तुझ्यावर आहे.

कारण ते गेलेलं नाही. मी सगळ्या टॅबचे आवाज बंद केले, तरी ते पडद्यावर तसंच पोट धरून लोळतं. मुकं हसतं, ते तर जास्तच झोंबतं. म्हणून वजाबाकीला टॅब कपाटातच ठेवते आणि काड्यांचे गठ्ठे काढते. ‘अंकांच्या उड्या’ मात्र रोज चालू आहे. त्यात ना माकड आहे ना वेळ संपत आल्याचं दाखवणारी ती जळत जाणारी वात. चुकलं तर बेडूक नुसता मागच्या दगडावर येतो आणि पुन्हा उडी मारतो. पोरं त्यावर जीव टाकतात, पुनमसुद्धा. तो खेळ ज्यानं बनवला त्याला माझा नमस्कार सांग. तुम्हाला चांगलं करता येत नाही असं असतं तर मी एवढी चिडले नसते. येतं, तरी करत नाही, याची चीड येते.

नोटिशीचं म्हणशील तर मला सक्त ताकीद मिळाली. सेवापुस्तकात नोंद झाली. होऊ दे.

लेकराला शब्द दिलायस. विसरू नकोस.

मंजुअक्का


नांदेड,
६ जानेवारी २०२६

ती. मंजुअक्का,

उत्तराला उशीर झाला. लिहिण्यासारखं काही हाती आलं नव्हतं. अजूनही फारसं नाही.

बेडकाचा खेळ ऋतुजा नावाच्या मुलीनं बनवला होता. शाळांत जाऊन मुलांजवळ बसू द्या म्हणून ती सारखी मागं लागायची. वर्षभरात कंटाळून सोडून गेली. तुझा नमस्कार तिला कळवला. रडण्याचं चित्र पाठवलं तिनं.

माकडाचा विषय मी बैठकीत काढला. महांतेश सर म्हणाले, “राजशेखर, माकड हसलं की मुलं चिडतात आणि पुन्हा खेळतात. आपले आकडे बघ.” मी विचारलं, जी पुन्हा खेळत नाहीत त्यांचे आकडे कुठं आहेत? तर म्हणाले, “जी खेळत नाहीत ती आकड्यांत येत नाहीत.” सगळ्यांनी माना डोलावल्या. अक्का, त्या क्षणी मला कडुलिंबाखाली उभी असलेली पुनम दिसली. ती आमच्या आकड्यांतून उठून गेली होती आणि कुणाला पत्ताही नव्हता.

मग मी तिची सगळी गोष्ट सांगितली. वाटलं, ऐकून तरी काही हलेल. हललं, पण भलतीकडंच. सरांना ती गोष्ट फार आवडली. म्हणाले, मुलगी परत शाळेत आली ना? मग ही तर आपलीच बातमी! जिल्ह्यासाठी माहितीपत्रक छापायचंय. पहिल्या पानावर टॅब हातात घेतलेला पुनमचा फोटो, आणि खाली ‘शाळा सुटलेली पुनम अंकवनमुळे गणितात पुढे आली.’ पालकाची संमती आणि फोटो तुझ्याकडून मागवायला मला सांगितलंय. हे झालं तर माकड बंद करायचं बटण देऊ, असंही म्हणाले.

मी फक्त निरोप पोचवतोय. माकड जाणार असेल तर फोटो द्यायला काय हरकत आहे, असं एकदा मनात आलं. तू ठरव. रागावू नकोस.

राजशेखर


जळकोट,
१४ जानेवारी २०२६

चि. राजशेखर,

आज संक्रांत. गोड बोलायचा दिवस. जमणार नाही.

 जिला हसून हसून शाळेतून घालवलं, तिनं आता तुमच्या दुकानाच्या पाटीवर उभं राहायचं? आणि तिचा फोटो दिला तर हसणं थांबवणार! ते हसणं थांबवण्यासाठी तुम्हाला त्या लेकराकडूनच मोल पाहिजे? महांतेश सरांचं जाऊ दे, त्यांनी तिला पाहिलेलं नाही. तू पाहिलंयस. तिच्याजवळ बसून भजी खाल्लीस. तरी तुझ्या मनात ‘काय हरकत आहे’ आलं!

मी थेट नाही म्हणून टाकणार होते. मग वाटलं, तिच्याबद्दल सगळे सगळं ठरवून राहिलेत. मेसेजनं ठरवलं, बापानं ठरवलं, तू, मी. तिला कुणी विचारलंच नाही. वेळ अमावस्येला शेषेरावानं मला शेतात जेवायला बोलावलं होतं, तेव्हापासून पोरगी माझ्याशी मोकळी झाली आहे. म्हणून काल शाळा सुटताना तिला जवळ बसवून विचारलं.

“पुनम, तुझा फोटो छापायचा म्हणतात. गावोगावी जाईल.”

तिचे डोळे मोठे झाले. “माझा? काऊन?”

“तू गणितात पुढं गेलीस म्हणून.”

तिला वाटलं, मी चेष्टा करतेय. माझ्याकडं बघत म्हणाली, “पर मॅडम, मला हातच्याचं अजून येत न्हाई.”

लाजून म्हणाली नाही, राजू. मला माहीत नसेल म्हणून सांगितलं. बाहेर पाऊस आहे, छत्री घ्या, असं सांगावं तसं. मला अजून येत नाही, हे त्या पोरीला चारचौघांत मान वर करून म्हणता आलं. ऑगस्टपासून मी भांडतेय ते एवढ्यासाठीच. ‘अजून’ हा शब्द तुमच्या एकाही मेसेजात नव्हता. तिला तो सापडला.

शेषेराव तिथंच होता, तिला न्यायला आला होता. तो म्हणाला, “जे झालं न्हाई त्याचा फोटो कसा काढायचा?”

बाप-लेकीचं उत्तर कळवलं. तिच्या फोटोखाली तिचं हेच वाक्य छापायची तुमच्या कंपनीत छाती असेल तर फोटो काढायला माणूस पाठव. मी स्वतः तिचे केस विंचरून देईन. नसेल तर तिचं नाव तुमच्या कोणत्याही कागदावर दिसता कामा नये. दिसलं तर मी नोटिशीची वाट बघणार नाही, नांदेडला येऊन तुमच्या दारात बसेन आणि तेव्हा तुला सांगावं लागेल की ही बाई माझी कोण लागते.

मंजुअक्का


नांदेड,
२ फेब्रुवारी २०२६

ती. मंजुअक्कास राजशेखरचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मी बैठकीत वाचून दाखवलं. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, मला शिव्या आहेत त्यासकट. वाचायच्या आधी सांगितलं, ही माझी आत्तेबहीण. जळकोटची ती बाई.

 मग महांतेश सर शांतपणे म्हणाले, “ठीक आहे. दुसरी मुलगी बघा. नाव पुनमच्या ऐवजी काहीही टाका.” आणि त्यांनी पुढचा विषय काढला. म्हणजे जी घडलीच नाही ती गोष्ट दुसऱ्या लेकराच्या तोंडाला चिकटवायची. मी म्हणालो, ते मी करणार नाही, आणि माकडाचं हसणं जाईपर्यंत एकही मेसेज लिहिणार नाही. माझा आवाज चढला होता. मला स्वतःलाच तो ओळखू येईना.

माझ्या जागी आता एक नवा मुलगा बसतो. माझी बदली झाली आहे, किनवट तालुक्यातल्या शाळांत फिरून बिघडलेले टॅब बघायचे. माहितीपत्रक छापून आलं. वर एका अनोळखी मुलीचा फोटो आहे, पुनमचं नाव नाही. माकड अजून हसतंय. तिला दिलेला शब्द मला पाळता आला नाही, हे तिला तूच सांग. किंवा नको, मी येऊन सांगतो.

ऑफिसात सगळ्यांना वाटतं, मला शिक्षा झाली. उद्या पहिली शाळा. टॅब नंतर बघीन. आधी शेवटच्या ओळीत, मुलांजवळ खाली बसणार आहे. तिथं जे दिसेल ते लिहून दर महिन्याला जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयात देणार आहे, माझ्या नावानं, सहीसकट. बायकोनं विचारलं, त्यानं काय होईल? मला माहीत नाही.

पण अक्का, मला राग आलाय. तुझ्याएवढा नसेल, तरी खरा आहे आणि अजून उतरलेला नाही.

तुझा राजू